पासबुकातली अनोळखी ओळ

दिघ्यात इलठणपाड्याच्या बाजूला ग्रील, लोखंडी दरवाजे आणि पत्र्याच्या शेड करणारे एक भाई आहेत. नाव सांगण्याचे कारण नाही. माणूस मेहनती, देण्याघेण्यात चोख, कुणाचा रुपया बुडवलेला नाही. एके दिवशी ते हातात सरकारी नोटीस आणि पासबुक घेऊन आमच्याकडे आले. नोटीस व्यवसाय कराची होती. दोन वर्षांचा कर भरलेला नाही, व्याजासह भरा, असा तिचा मजकूर. भाई रागाने लाल झाले होते. "दर वर्षी बँकेतून कर कापला जातो, मग ही नोटीस कसली?" असे म्हणून त्यांनी पासबुक आमच्यासमोर उघडून ठेवले.

पासबुकात दोन्ही वर्षी एप्रिल महिन्यात एकेक ओळ होती. रक्कम १,१८० रुपये. आधी 'एसीएच डी' अशी अक्षरे, मग 'प्रोफ', मग अर्धवट तुटलेले इंग्रजी नाव. भाईंनी आणि त्यांच्या हिशेब लिहिणाऱ्या पोराने 'प्रोफ' म्हणजे 'प्रोफेशनल टॅक्स' असे धरून टाकले होते. शोध घेतला तेव्हा कळले, तो कर नव्हताच. ती एका व्यावसायिक संघटनेची वार्षिक वर्गणी होती. उद्यम नोंदणी करून देतो, असे सांगून भरवलेल्या एका शिबिरात भाईंनी तीन-चार कागदांवर सह्या केल्या होत्या आणि सोबत एक रद्द केलेला चेक दिला होता. त्या कागदांत एक कागद सभासदत्वाचा होता आणि एक दर वर्षी खात्यातून पैसे वळते करण्याच्या संमतीचा.

म्हणजे जे देणे बंधनकारक नव्हते ते दोन वर्षे गेले आणि जे बंधनकारक होते ते दोन वर्षे राहिले. नुकसान दोन्हीकडून. वाचकहो, ही गोष्ट एकट्या भाईंची असती तर आम्ही लिहिली नसती. पण आपल्यातील किती कारागीर आणि दुकानदार पासबुकाची प्रत्येक ओळ वाचतात, हे ज्याने त्याने स्वतःच्या मनाला विचारावे.

आकडाच बोलतो

भाईंच्या पासबुकातील ओळ तुटकी होती, पण आकडा पूर्ण होता. १,१८० या आकड्याला १.१८ ने भागा. उत्तर येते बरोबर १,०००. याचा अर्थ हजार रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. जीएसटी वस्तूवर आणि सेवेवर लागतो, सरकारच्या व्यवसाय करावर लागत नाही. तेव्हा ही रक्कम कर नव्हे, कुणाच्या तरी सेवेची फी आहे, हे नाव न वाचताही ओळखता आले असते.

हीच युक्ती बँकेच्या स्वतःच्या आकारणीलाही लागू पडते. बँकेच्या सेवांवर १८ टक्के जीएसटी आहे. खात्यातून २३६ रुपये गेले असतील तर ते २०० अधिक ३६ असतात, २९५ गेले तर २५० अधिक ४५. एटीएम कार्डाचे वार्षिक शुल्क, हप्ता परत गेल्याचा दंड अशा रकमा याच घाटाच्या असतात. उलट ४३६ रुपये किंवा २० रुपये मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला गेलेले दिसले तर ते बहुधा विम्याचे. ९ मे २०१५ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेचा आणि पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हा वार्षिक हप्ता. जून २०२२ च्या आधी हेच आकडे ३३० आणि १२ होते. विमा हवा असेल तर चालू ठेवावा, घरच्यांना त्याची माहिती द्यावी. नको असेल तर बँकेला लेखी अर्ज देऊन बंद करता येतो. पण विमा आहे हेच घरात कुणाला ठाऊक नाही आणि हप्ता मात्र वर्षानुवर्षे जातो आहे, यासारखे दुर्दैव नाही.

कर कोणता, वर्गणी कोणती

व्यवसाय कर हा महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आलेला कर आहे. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त किती व्यवसाय कर घ्यायचा याची मर्यादा ठरलेली आहे. पूर्वी ती २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि आजही तीच आहे. म्हणून या नावाखाली कुणी वर्षाला अडीच हजारांपेक्षा जास्त कर मागत असेल तर तो भामटा समजावा. जुनी थकबाकी, व्याज आणि दंड यांची गोष्ट वेगळी.

स्वतःचा धंदा करणाऱ्याला यासाठी नावनोंदणीचा दाखला घ्यावा लागतो. लोक त्याला पीटीईसी म्हणतात. त्याचे वर्षाला २,५०० रुपये. जुनी नोंदणी असेल तर ते ३० जूनपर्यंत भरायचे. भागीदारीत धंदा असेल तर प्रत्येक भागीदाराचा कर वेगळा. हाताखाली पगारी माणसे असतील आणि त्यांचा पगार कराच्या मर्यादेत येत असेल तर मालकाला पीटीआरसी हा दुसरा दाखला घ्यावा लागतो. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुष कामगाराच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापून मालकाने भरायचे असतात. स्त्री कामगारांना १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पगारापर्यंत हा कर माफ आहे.

मुख्य मुद्दा असा की पीटीईसीचा कर राज्य सरकार आपल्या खात्यातून आपणहून काढून घेत नाही. तो वस्तू व सेवा कर विभागाच्या महाजीएसटी या संकेतस्थळावर आपण भरायचा असतो आणि त्याचे चलन निघते. चलन हातात नाही म्हणजे कर भरलेला नाही, असे सरळ समजावे.

आता वर्गणीचे. संघटना दोन जातीच्या असतात. काही व्यवसायांत कायद्यानेच नोंदणी लागते. वकिलाला १९६१ च्या कायद्याखाली बार कौन्सिलमध्ये नाव लागते, चार्टर्ड अकाउंटंटला १९४९ च्या कायद्याने त्यांच्या संस्थेत, औषध दुकानातील फार्मासिस्टला १९४८ च्या कायद्याने फार्मसी कौन्सिलमध्ये. तिथली फी चुकवली तर व्यवसायच अडतो. पण वेल्डर, सुतार, शिंपी, बेकरीवाला, भंगारवाला, गॅरेजवाला यांच्यासाठी अशी सक्तीची संघटना नाही. परवाने वेगळे, त्यांची फी वेगळी, ती सरकारी कार्यालयात किंवा महापालिकेत भरायची. व्यापारी संघटनेचे सभासद होणे हा मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीचा सौदा आहे. "सभासद झाला नाहीत तर दुकानाला कुलूप लागेल," असे कुणी सांगत असेल तर त्याला कायद्याचे कलम विचारावे. तो दुसऱ्या दिवशी दिसणार नाही.

आणि ज्या उद्यम नोंदणीच्या नावाने ही सारी सह्यांची जत्रा भरली, ती १ जुलै २०२० पासून केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर संपूर्ण फुकट आहे. आधार क्रमांक, पॅन आणि धंद्याची माहिती एवढ्यावर काम होते. सायबर कॅफेवाल्याने टायपिंगचे पैसे घेतले तर ती त्याची मजुरी. परंतु 'सरकारी फी' म्हणून कुणी हजार-दोन हजार मागितले तर ते खोटे आहे.

एका सहीची किंमत

'एसीएच' ही अक्षरे कुठून आली तेही सांगितले पाहिजे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था देशातील बँकांमधली देवघेव चालवते. तिच्या व्यवस्थेतून कर्जाचे हप्ते, विमा, वर्गण्या आपोआप वळत्या होतात. पूर्वी याला ईसीएस म्हणत, आता नॅच म्हणतात. त्यासाठी आपण एक मॅन्डेट, म्हणजे संमतीपत्र, सही करून देतो. त्या एका पानावर पैसे कुणाला जाणार, जास्तीत जास्त किती, महिन्याला की वर्षाला, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळे लिहिलेले असते. रकमेच्या रकान्यात 'कमाल रक्कम' असेल तर त्या रकमेपर्यंत कितीही ओढता येते, हे ध्यानात ठेवावे. शेवटच्या तारखेचा रकाना दूरच्या सालाचा असेल तर ही धार आटत नाही.

कोरा चेक देताना आपला हात थरथरतो. हे संमतीपत्र मात्र आपण चहा पिता पिता सही करून देतो. वास्तविक ते कोऱ्या चेकचे सख्खे भावंड आहे.

बरे, हे संमतीपत्र मागे घेता येते. बँकेत जाऊन लेखी अर्ज द्यायचा. चेक थांबवण्याचा अर्ज जसा आपण देतो तसाच हा समजावा. पासबुकातील ओळ दाखवून मॅन्डेटचा क्रमांक आणि सहीच्या कागदाची प्रत मागावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. त्याच दिवशी संघटनेलाही सभासदत्व सोडल्याचे पत्र द्यावे, नाहीतर पैसे थांबतील पण कागदोपत्री देणे उभे राहील.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. रागाच्या भरात कर्जाच्या हप्त्याचे संमतीपत्र कुणी बंद करू नये. हप्ता शिलकीअभावी परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटल्यासारखीच फौजदारी होऊ शकते. शिवाय बँकेचा दंड वेगळा आणि पुढच्या कर्जाची वाट अडते ती वेगळी.

सहीच केली नसेल तर

आता समजा, संघटना अनोळखी आहे आणि आपण कुठेही सही केलेली नाही, शिबिराला गेलो नाही, कार्डाचा आकडा दिला नाही. मग प्रकरण फसवणुकीचे आहे आणि तिथे दिवस मोजावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याचे नियम घालून दिले. संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात चूक ना बँकेची ना ग्राहकाची, दोष मधल्या व्यवस्थेत कुठेतरी, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर मर्यादित, म्हणजे साध्या बचत खात्याला किंवा छोट्या उद्योगाच्या चालू खात्याला जास्तीत जास्त दहा हजार आणि जनधनसारख्या मूळ खात्याला पाच हजार. त्यानंतर कळवले तर बँकेच्या धोरणावर. बँकेचाच कसूर असेल तर ग्राहकावर काहीच येत नाही. आणि दोष ग्राहकाचा आहे हे शाबीत करण्याची जबाबदारीही परिपत्रकाने बँकेवर टाकली. मात्र ओटीपी स्वतःच सांगून बसलो तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान आपले.

तेव्हा ओळ दिसली की आधी बँकेला कळवावे, तक्रारीचा क्रमांक घ्यावा, आणि फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर सायबर पोलिसांना फोन करावा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ च्या नोव्हेंबरपासून सर्व बँकांसाठी त्याची एकच खिडकी झाली. तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही, आणि चौकशीसाठी १४४४८ हा दूरध्वनी आहे.

संघटना वाईट नव्हे

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, चला, सगळ्या संघटना म्हणजे पैसे ओढण्याचे धंदे. आमचे मत अगदी उलट आहे. एकटा दुकानदार म्हणजे वाऱ्यावरचे पान. १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने मराठी मुलखातील व्यापाऱ्यांचे चेंबर उभे राहिले, ते उगीच नव्हे. अलीकडचे उदाहरण घ्या. २०१३ साली एलबीटीच्या विरोधात राज्यातील व्यापारी संघटनांनी बाजार बंद ठेवले, सरकारशी बोलणी केली, चिकाटी सोडली नाही. शेवटी १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. एकेकट्याने अर्ज करून हे झाले असते काय?

दिघ्यासारख्या ठिकाणी तर संघटनेची गरज अधिक. एका बाजूला ठाणे, दुसऱ्या बाजूला ऐरोली, मधून ठाणे-बेलापूर रस्ता, भोवती एमआयडीसी. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महापालिका सुरू झाली, पण दिघा गाव स्टेशन उघडायला १२ जानेवारी २०२४ उजाडावा लागला. रस्ता, पाणी, वीज, जागेचे कागद, परवाने, यातला एकही प्रश्न गाळ्यात एकटे बसून सुटणारा नाही. म्हणून भाईंना आम्ही एवढेच म्हटले, "भाई, वर्गणी बंद करण्याआधी त्या संघटनेत एकदा जाऊन या. हजार रुपयांत काय मिळते ते विचारा. मिळत असेल तर डोळे उघडे ठेवून सभासद राहा, मिळत नसेल तर सोडा."

भाई गेले. नोंदणी क्रमांक विचारला, घटना मागितली, मागच्या वर्षाचा जमाखर्च मागितला. संघटना खोटी नव्हती, नोंदणी रीतसर होती. पण सभासदांसाठी दोन वर्षांत एक दिनदर्शिका आणि एक स्नेहभोजन यापलीकडे काही दाखवता आले नाही. भाईंनी पत्र देऊन सभासदत्व सोडले आणि बँकेत अर्जावर शिक्का घेतला. व्यवसाय कराची थकबाकी व्याजासह भरली, चलनाची प्रत फाइलला लावली. गेलेल्या वर्गणीचे पैसे परत आले नाहीत. सही त्यांचीच होती, तक्रार कुणाकडे करणार?

तीन मागण्या आणि एक सवय

आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली संघटनांकडे. सभासदत्वाचा अर्ज आणि पैसे वळते करण्याचे संमतीपत्र वेगवेगळे घ्या, दोन्ही मराठीत समजावून सांगा, दर वर्षी पैसे काढण्याआधी सभासदाला कळवा आणि नंतर पावती पाठवा. कार्डावरून आपोआप पैसे काढणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून चोवीस तास आधी कळवण्याचे बंधन घातले. तेवढी सभ्यता वर्गणीदाराशी दाखवायला सक्तीचा नियम कशाला हवा? आपल्या जमातीची पाच-पन्नास रुपयांची वर्गणीसुद्धा पावती फाडून घेतली जाते. हजार रुपयांची घेणाऱ्याला पावती जड का व्हावी?

दुसरी मागणी बँकांकडे. पासबुक, स्लिपा, अर्ज हे इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत असावेत, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे जुनेच आहे. मग खात्यातून पैसे गेल्याची ओळच तेवढी अर्धवट इंग्रजीत का? पैसे घेणाऱ्याचे पूर्ण नाव आणि कारण छापले असते तर भाईंची दोन वर्षे वाचली असती.

तिसरी मागणी आपल्या शिकलेल्या मुलामुलींकडे. मोबाइलवर बँकेचे संदेश तुम्ही वाचता, बाप वाचत नाही. महिन्याला अर्धा तास त्यांच्या शेजारी बसा आणि ओळ न् ओळ वाचून दाखवा.

आणि सवय आपण सर्वांनी लावून घ्यायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी पासबुक भरून आणावे. प्रत्येक खर्चाच्या ओळीसमोर पेन्सिलीने लिहावे: कुणाला, कशासाठी, पावती कुठे. ज्या ओळीसमोर काही लिहिता आले नाही, ती घेऊन सोमवारी बँकेत जावे. काउंटरवर विचारायला लाजू नये, इंग्रजी येत नाही म्हणून मागे सरू नये. तिथे पैसा आपला आहे आणि उत्तर देणे त्यांचे काम आहे. ग्राहकाने ग्रीलचे माप एक सूत कमी भरले म्हणून आरडाओरड केली तर आपण टेप लावून दाखवतो. तीच टेप आपल्या स्वतःच्या हिशेबालाही लावली पाहिजे.